९ किलो गेले, आता काटा हलेना, अजून कमी खाऊ का?

एका ताईंचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगते. वय ३१, उंची ५ फूट २ इंच, जुळे सोलापुरात राहतात, वजन ७८ होतं. जानेवारीत गड्ड्यावरचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतले, फोटो बघितले आणि ठरवलं की आता बास. मोबाईलवर ॲप घेतलं आणि रोज ७०० कॅलरी, एक दिवस चुकवला नाही म्हणतात. तीन महिन्यांत ९ किलो गेले. आता तीन आठवडे झाले काटा ६९ वरून हलत नाही, केस मूठमूठ गळतायत, पाळी दोन महिने आलेली नाही, आणि एप्रिलच्या ह्या उकाड्यात सगळं घर कूलरसमोर झोपतं तर ह्यांना पहाटे अंगावर चादर लागते. विचारतायत की ५०० वर येऊ का.

नाही ताई. ५०० वर येऊ नका आणि ७०० वरही राहू नका. उत्तर लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, कारण केस, पाळी, थंडी आणि अडकलेला काटा ह्या चार वेगळ्या तक्रारी नाहीत, मूळ एकच आहे.

त्याआधी एक काम. पाळी दोन महिने नाही म्हटल्यावर आधी युरीनची टेस्ट करा. दिवस असतील तर वजन कमी करायचा विषय तिथंच थांबवायचा आणि डॉक्टरांना गाठायचं. निगेटिव्ह आली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

मी सोलापुरात १९ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. विड्या वळणाऱ्या मावश्या येतात, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यातले कामगार येतात, शाळेतल्या मॅडम येतात, इंजिनियरिंगच्या पोरी येतात. आधी बहुतेक सगळे जास्त खाऊन आजारी पडलेले असायचे. आता कमी खाऊन आजारी पडलेल्यांची वेगळी रांग लागलीय, आणि त्यात पंचवीस ते चाळीसच्या बायका जास्त. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढताना माणूस कुठं थांबतं, कठडा धरतं का, ते मला आत बसून ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर वजनाच्या आकड्यापेक्षा मला त्यातनं जास्त कळतं. तीस वर्षांची बाई १२ किलो कमी करून येते आणि पहिल्या मजल्यावर दम खाते, म्हणजे तिचं गेलं काय ते बघायला पाहिजे.

आता गणित बघा. तुमचं वय, उंची आणि ६९ किलो वजन धरलं तर दिवसभर नुसतं पलंगावर पडून राहिलात तरी शरीराला साधारण १३५० कॅलरी लागतात. हृदय, मेंदू, यकृत, किडनी, अंगातली ऊब, हे सगळं त्यात आलं, स्वयंपाक, धुणं, ऑफिस, स्कूटी हे वरचं वेगळं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०२० साली जे आकडे दिले त्यात ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईची गरज १६६० कॅलरी धरलीय. तुम्ही ७०० देताय, म्हणजे पडून राहायला लागतं त्याच्या निम्मं. बाकीचं शरीर कुठून आणणार? सगळं चरबीतनं आणेल असं आपण धरून चालतो आणि तिथंच घोळ होतो.

पहिल्या आठवड्यात तीन-चार किलो जातात, सगळ्यांचेच जातात, आणि लोक खूश होतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजन, त्याच्या एकेका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं, साठा संपला की ते पाणी लघवीवाटे जातं आणि काटा खाली येतो. मग चरबी जायला लागते हे खरं, पण सोबत स्नायूही जातो, आणि जेवणात प्रोटीन नसेल, व्यायाम नसेल तर जास्तच जातो. तुम्ही दिवसाचं लिहून पाठवलंय ते असं: सकाळी लिंबू-मध पाणी, दुपारी अर्धी भाकरी, पालेभाजी, काकडी, संध्याकाळी बिनसाखरेचा चहा, रात्री सूप आणि सफरचंद. मी बेरीज केली, प्रोटीन २० ग्रॅमच्या वर जात नाही. तुम्हाला आत्ता रोज ६०-६५ तरी पाहिजे. तीन महिने हे चाललंय म्हटल्यावर ९ किलोत मांडीचा, दंडाचा, पाठीचा स्नायू किती गेला असेल ते मला इथं बसून सांगता येणार नाही, पण गेलाय हे नक्की.

आता थंडीबद्दल, कारण तुमच्या चादरीचं वाचल्यावर मला एक जुना प्रयोग लगेच आठवला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. निम्मं म्हणजे किती, तर रोज जवळपास १५७० कॅलरी, तुमच्या दुपटीहून जास्त. ते पुरुष होते, त्यांना भरपूर चालायला लावायचे, तो फरक आहेच, तरी पुढं काय झालं ते बघा. वजन पाव हिस्सा उतरलं, नाडी मंदावली, पायाला सूज आली, केस गळले, उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायला लागली. कशात लक्ष लागेना, चिडचिड, उदासपणा, दिवसरात्र डोक्यात जेवण, ताटं चाटायचे, पाककृतींची पुस्तकं घेऊन वाचत बसायचे. हे मन कमकुवत असल्यामुळं झालेलं नव्हतं, उलट तब्येतीनं आणि मनानं खणखणीत अशीच पोरं निवडून घेतली होती. म्हणून माझ्याकडं एखादी बाई रडत सांगते ना, की मॅडम मी रात्री एक वाजता उठून फ्रिजसमोर उभं राहून अर्धा डबा श्रीखंड खाल्लं, मला लाज वाटते, तेव्हा मी तिला हाच प्रयोग सांगते. उपाशी शरीर जेवणाचाच विचार करणार, त्याचं कामच ते आहे.

आत काय होतं तर आत येणारं कमी झालं की शरीर खर्चाला कात्री लावतं. थायरॉईडचं टी-३ नावाचं हार्मोन कमी होतं, त्यात थायरॉईडच्या नेहमीच्या तपासणीतला टीएसएच बऱ्याचदा नॉर्मलच दिसतो म्हणून रिपोर्ट बघून सगळं ठीक वाटतं, ऊब कमी होते, माणूस नकळत कमी हलतं, बसलं की बसून राहतं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन खाली जातं आणि भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. आणि हे डाएट सुटलं की लगेच जाग्यावर येत नाही हो. अमेरिकेतल्या वजन कमी करायच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी पुन्हा तपासले होते, २०१६ साली ते छापून आलं, बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं पण शरीराचा खर्च मात्र त्या वजनाला असायला पाहिजे त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरीनं कमीच राहिला होता. इतकं वजन, इतक्या घाईनं, तासन्‌तास व्यायाम, हे टोकाचं उदाहरण आहे, तुमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण दिशा तीच.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण जिममध्ये उलटंच सांगतात. कमी खाल्लं की शरीर चरबी धरून बसतं आणि वजन उतरायचं पूर्ण बंद होतं, हे खरं नाही. खर्च कमी होतो, बंद होत नाही. मग तुमचा काटा का अडकला? तीन कारणं असू शकतात आणि बहुतेक वेळा तिन्ही थोडी थोडी असतात. खर्च उतरला हे एक. दुसरं, उपासमारीत शरीर पाणी धरतं, मिनेसोटातल्या पोरांना सूज आली ती हीच, त्यामुळं चरबी गेली तरी काट्यावर दिसत नाही. तिसरं, वहीत न उतरलेलं खाणं. हे रागावून सांगत नाहीये ताई, सगळ्यांचं होतं. भूक इतकी असते की स्वयंपाक करता करता शेंगाचटणीचं बोट तोंडात जातं, लेकराच्या ताटातला उरलेला घास जातो, आणि शेंगाचटणी दोन मोठे चमचे म्हटलं तरी दीडशे-पावणेदोनशे कॅलरी होतात. तुमचं होतंय का ते तुम्हालाच माहीत. होत असेल तरी उपाय ५०० हा नाही, कारण ते बोट जातंय ते ७०० मुळंच.

केसांचं सांगते. मागच्या वर्षी एक कॉलेजची मुलगी आली होती, तिनं पर्समधनं प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली, आत आठ दिवसांचे गळलेले केस गोळा करून आणले होते, लिंबाएवढा गोळा. सोबत आईनं चार तेलं आणि दोन शाम्पू वापरून झाल्याचं सांगितलं. तेलाचा काय दोष. शरीराला टंचाई जाणवली की वाढत्या केसांपैकी बरेचसे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून डाएट जानेवारीत आणि केस एप्रिलमध्ये, आणि त्यामुळंच दोन्हीचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. त्यात आपल्याकडं लोहाची बोंब आधीपासूनच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. ह्या वयात बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर म्हणतं, पूर्ण जेवणातनं ते भरायची मारामार, ७०० कॅलरीत कुठून भरणार. चांगली गोष्ट ही की खाणं आणि लोह सुधारलं की हे केस बहुतेक परत येतात, फक्त सहा-आठ महिने धीर धरायला लागतो.

पाळी मला केसांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते आणि बायका नेमकी तीच शेवटी सांगतात, कधी कधी तर बरं झालं कटकट गेली म्हणतात. मेंदूत एक भाग असतो तो बघतो की ह्या शरीरात लेकरू वाढवण्याएवढं अन्न आहे का, नसेल तर तो अंडाशयाला जाणारा निरोपच कमी करतो. पाळी थांबते म्हणजे इस्ट्रोजेन खाली गेलेलं असतं, आणि इस्ट्रोजेन खाली म्हणजे हाडं विरळ व्हायला लागतात. हाडांची भर साधारण तिशीपर्यंत पडते, पुढं आहे ते सांभाळायचं असतं. पाळी तीन महिने थांबली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, पीसीओएस, थायरॉईड, प्रोलॅक्टिन हेही बघायला लागतं, सगळं डाएटवर ढकलून चालत नाही.

तुम्ही न विचारलेली पण मला सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे पित्ताशयातले खडे. एक शिक्षिका होत्या, दोन महिन्यांत १४ किलो, सूप आणि फळं, तेलाचा थेंब नाही. एका रात्री उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली ती पाठीत गेली, उलट्या, ॲसिडिटी समजून सकाळपर्यंत गोळ्या घेत बसल्या, सकाळी सोनोग्राफीत खडे, पुढं पित्ताशय काढायला लागलं. त्याच्या आठ महिने आधीची सोनोग्राफी स्वच्छ होती. मला म्हणाल्या, मॅडम तेल तर मी बंदच केलं होतं, मग खडे कसे झाले? तेल बंद केलं म्हणूनच की ओ मॅडम. पित्ताशय पिळलं जातं ते जेवणात तेल-तूप, प्रोटीन आलं की. ते आलंच नाही तर पित्त आत साचून राहतं, आणि इकडं चरबी भराभरा वितळत असते तर यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, साचलेल्या घट्ट पित्तात त्याचे खडे धरतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की हा धोका चांगलाच वाढतो. म्हणून मी कुणालाही बिनतेलाची भाजी सांगत नाही.

हृदयाचं थोडक्यात. पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम खाली गेलं की पायात गोळे येतात, धडधड होते, आणि जास्त बिघडलं तर हृदयाचा ठोका चुकतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात नुसत्या लिक्विड प्रोटीनवर राहायची लाट आली होती, त्यात पन्नासहून जास्त माणसं दगावल्याची नोंद आहे, बरेचसे मृत्यू हृदयाची लय बिघडून. आपल्या सोलापुरात त्यात ऊन मिळवा. जेवणातनंही पाणी आणि मीठ मिळत असतं हे विसरतो आपण, ४३ अंशात घाम चाललाय, पोटात अर्धी भाकरी, आणि सात रस्त्याला सिग्नलवर स्कूटीवरच डोळ्यापुढं अंधारी, असे लोक दर मे महिन्यात येतात माझ्याकडं.

आणि घरात शुगरवाले कुणी असतील तर त्यांना हे आधी वाचून दाखवा. एक काका, वय ५८, कुणाचं तरी ऐकून भाकरी-भात बंद केला, गोळी मात्र रोजची तीच, ग्लिमेपिराईड. दुपारी चारला बाजारात घाम फुटून खाली बसले, शुगर ४८. नशीब शेजारच्या दुकानदारानं साखरेचं पाणी पाजलं. शुगर, बीपीच्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम निम्मं करायचं तर गोळ्या डॉक्टरांकडनं बदलून घ्यायलाच लागतात. आणि शुगरच्या ज्या गोळ्यांची नावं ग्लिफ्लोझिननं संपतात त्या घेणाऱ्यांनी तर उपाशी राहायचंच नाही, त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढून माणूस गंभीर होऊ शकतं.

आता कुणी म्हणेल की डॉक्टर लोकच ८०० कॅलरीचं डाएट देतात ना. देतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत टाईप २ डायबेटीसवाल्यांना तीन ते पाच महिने साधारण ८२५ ते ८५० कॅलरीवर ठेवलं होतं आणि वर्षानंतर ४६ टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय आटोक्यात होती, २०१७ ला हे आलं. पण त्यांना प्रोटीन, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले शेक दिले होते, शुगर-बीपीच्या गोळ्या पहिल्या दिवशी थांबवल्या होत्या आणि दवाखान्याचं लक्ष होतं. काकडी आणि सूप म्हणजे ते नव्हे.

तर तुम्ही करायचं काय. पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू १४०० ते १५०० वर या, दर तीन-चार दिवसांनी १००-१५० वाढवत. हळूहळू अशासाठी की पोट जड होऊ नये. आणि जे लोक आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच न खाता राहिलेत, नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहणारे सुद्धा, त्यांनी एकदम पुरणपोळीचं ताट घेऊन बसायचं नाही, उपाशी शरीरात एकदम साखर गेली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं, अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीत खायला घालायचं. तुम्ही त्यात नाही.

भाकरी सोडू नका. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी म्हणजे २०० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन, दुपारी दीड, रात्री एक चालेल. सोबत घट्ट वरण किंवा मोडाची मटकी मोठी वाटी, दोन्ही वेळा. सकाळी दोन अंडी, खात नसाल तर डाळीचं धिरडं आणि दही. ५० ग्रॅम पनीर किंवा सोयाचे वडे मूठभर, दिवसातनं एकदा. पालेभाजी फोडणी देऊन करा, दिवसाला तीन-चार चमचे तेल. शेंगाचटणी एक चमचा, पण ताटात वाढून घ्या. ताक मीठ घालून. हे सगळं ६० ते ६५ ग्रॅम प्रोटीनपर्यंत जातं, पावडर लागत नाही. आणि आठवड्यातनं तीनदा स्नायूला ताण पडेल असं काही, खुर्चीवरनं न धरता वीस वेळा उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरू करा. चालणं आहेच, उन्हाच्या आत.

पहिल्या दहा दिवसांत वजन एक-दीड किलो वाढणार. आत्ताच सांगून ठेवते, कारण इथंच निम्म्या बायका घाबरून परत ७०० वर जातात. ते ग्लायकोजन आणि पाणी परत आलेलं असतं, चरबी नाही. एक किलो चरबी व्हायला ७७०० कॅलरी जादा लागतात, १४०० खाऊन त्या कुठून येणार. काटा महिनाभर कपाटावर ठेवा, त्याऐवजी कंबर मोजा, बेंबीच्या लेव्हलला, आठवड्यातनं एकदा. वजन पुढं आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर मला समाधान आहे.

ह्या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा ह्यातनं कळतो), बी-१२, डी, टीएसएच, सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करून घ्या. मध्ये कधीही चक्कर येऊन पडलात, छातीत धडधड थांबेना, पायावर सूज आली किंवा उजव्या कुशीत कळ आली तर कुणाला न विचारता थेट दवाखान्यात जा. आणि जेवल्यावर घशात बोट घालून उलटी काढावी असं मनात येत असेल, किंवा आत्ताच तसं होत असेल, तर तेही लपवू नका, त्यावर उपचार आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यात खरंच मदत करतात.

रिपोर्ट आले की फेरिटिनचा आकडा मला कळवा, लोहाची गोळी लागणार का आणि कशी घ्यायची ते त्यावर सांगते. तोवर चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासभर मध्ये जाऊ द्या, आणि भाजीवर लिंबू पिळा.